खोक्यात मॅसॅच्युसेट्स मांडावं की व्हर्जिनिया?

पाचवीत 'कलोनियल प्रोजेक्ट', म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींवरचा प्रकल्प, आलं की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते: कुठला प्रदेश घ्यायचा? बुटांच्या खोक्यात वसाहत उभी करायची आणि तिथली माणसं जगायची कशी, ते वर्गात सांगायचं. मागच्या वर्षी लेकीबरोबर मीही यातून गेलो.

उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या वसाहतींपैकी पेनसिल्व्हेनिया वाईट नाही. गहू, पाणचक्क्या, फिलाडेल्फियाचं बंदर, शिवाय जागा हाताशी. पण क्वेकर पंथाचे ख्रिस्ती, जर्मन, डच, स्वीडिश अशा सगळ्यांना एका खोक्यात बसवताना आमचीच भांडणं झाली आणि आम्ही तो नाद सोडला.

मॅसॅच्युसेट्स सोपं आहे, हे कबूल. १६३० ते १६४० या दहा वर्षांत वीसेक हजार माणसं आली, तीही बरीचशी बायकामुलांसकट. मध्ये चर्च, भोवती घरं, गुरांना सामाईक कुरण. १६४७ च्या कायद्यानं ५० घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवावाच लागे. जमीन दगडाळ, म्हणून मासेमारी आणि जहाजबांधणी. आमचं अर्धं गाव चिकटवूनही झालं होतं.

अडलं ते माशावर. लेकीनं विचारलं, "बाबा, एवढे मासे खायचं कोण?" शाळेच्या कागदावर 'कॉड मासा' एवढ्यावर विषय संपला होता. मी शोधत बसलो. खारवलेला चांगला माल जायचा स्पेन-पोर्तुगालकडे. हलका, तुटका माल बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना खायला. तिकडून मळी यायची आणि तिची इकडे रम व्हायची. म्हणजे या नीटनेटक्या गावाचा हिशोब पुरा व्हायला बार्बाडोस लागतं आणि बार्बाडोस खोक्यात मावत नाही. खुद्द मॅसॅच्युसेट्सनंही १६४१ च्याच कायद्यात गुलामगिरीला वाट ठेवली होती. पण खोक्यात दिसतं ते चर्च आणि शाळा. मला ते खुपत राहिलं. तुम्हाला कदाचित खुपणारही नाही.

व्हर्जिनियात सगळं नदीच्या एकाच काठावर आहे, वाईटही. माझं आजोळ निपाणीकडचं. तंबाखू जमिनीचा कस किती ओढतो आणि माणसाला किती राबवतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जॉन रॉल्फ या इंग्रज वसाहतवाल्यानं १६१२ च्या सुमारास तिथं तंबाखू लावला. तीन-चार पिकांत रान दमायचं, की नवं रान हवं. माणूस आणून वसवला की माणशी ५० एकर मिळत, म्हणून इंग्लंडातली गरीब पोरं चार ते सात वर्षांच्या कराराने आणली. बाया थोड्या, ताप-हगवणीनं मरणारे फार. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसं उतरली. १६६२ मध्ये तर कायदाच झाला: आई गुलाम, तर मूल गुलाम. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगणं जड गेलं. त्या संध्याकाळी ती फारशी बोलली नाही. पण एका पिकापासून हे इथवर कसं आलं, ते तिनं वर्गात न अडखळता सांगितलं.

व्हर्जिनियाची अडचण एकच, गाव नाही. मोठ्या मळेवाल्याच्या धक्क्यालाच जहाज लागायचं आणि तंबाखूची पिंपं तिथूनच इंग्लंडला जायची, मग बाजारपेठ वसणार कशाला? त्यामुळे खोकं अर्धं रिकामं दिसतं आणि सजावटीचे गुण जातात. आमचे गेले. तुमच्याकडे दोनच संध्याकाळी असतील तर खुशाल मॅसॅच्युसेट्स घ्या.

व्हर्जिनिया घेतलंत, तर नदी चांगली रुंद करा आणि गुलामांची खोपटं पुढून दिसतील अशी लावा. वाळवणीच्या खोपीत टांगायला तंबाखूची पानं कुठून आणायची, हा प्रश्न आमच्या हिनं सोडवला: तमालपत्र दोऱ्यात ओवून. फक्त पाकीट घेताना पानं अख्खी आहेत ना ते बघा, आमच्यात निम्मा चुराच निघाला.