ऑगस्टमधलं मसाई मारा की फेब्रुवारीतलं न्डुटू?

पूर्व आफ्रिकेत एकदाच जायला मिळणार असेल तर कधी जावं, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात केनियातल्या मसाई माराचा ऑगस्ट आधीच पक्का झालेला असतो. त्याला कारणंही आहेत. पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद, आपल्याकडचे जंगलवेडे मोकळे, 15 ऑगस्टला जोडून सुट्ट्या निघतात आणि मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तासांच्या आसपास. त्यात मारा नदीत उड्या घेणारे विल्डबीस्ट, काळविटाच्या कुळातली ही मोठी जनावरं, प्रत्येकाने टीव्हीवर पाहिलेले. मी दोन्ही हंगामांत जाऊन आलोय. ऑगस्ट वाईट असं मी म्हणणार नाही, पण परत जायचं झालं तर माझं तिकीट फेब्रुवारीचं, टांझानियातल्या न्डुटूचं असेल.

ताडोबा-पेंच फिरलेल्या माणसाच्या डोक्यात एक गणित घट्ट बसलेलं असतं. जंगल जितकं कोरडं तितकं साइटिंग, म्हणजे प्राणी दिसणं, चांगलं, एप्रिल-मे गाठायचा आणि पाणवठा धरून बसायचं. आफ्रिकेतही बऱ्याच ठिकाणी हे जमतं. टांझानियातल्या तारांगिरेला जुलै ते ऑक्टोबर नदीकाठी हत्तींचे कळपच्या कळप येतात, झांबियातल्या साउथ लुआंग्वालाही तसंच. टांझानियातल्याच सेरेंगेटीच्या दक्षिणेला मात्र हे गणित उलटं होतं. न्डुटूच्या आजूबाजूची आखूड गवताची मैदानं पावसावर जगतात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच लागतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस झाला की तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट इथे उतरतात. मैदान वाळलं की तेच कळप उत्तरेला, बारमाही मारा नदीकडे सरकतात. जनावरं तीच असतात. ऑगस्टमध्ये ती नदीवर असतात, फेब्रुवारीत त्यांची वीण चालू असते.

ऑगस्टच्या बाजूने बोलायचं तर हवा सुरेख असते. सकाळी चांगलाच गारठा, स्वेटरशिवाय उघड्या टपातून उभं राहवत नाही. गवत चरून खाली आलेलं, त्यामुळे सिंह लांबूनही दिसतो. माराचे सिंह, चित्ते, बिबटे वर्षभर तिथेच असतात, त्यामुळे नदी ओलांडणं हुकलं तरी ट्रिप वाया जात नाही. शाकाहारी जेवणाचाही प्रश्न येत नाही. खर्चाचा फरक मात्र लक्षात घ्या. 2024 पासून माराची प्रवेश फी परदेशी प्रौढांना दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झाली आहे. चौघांचं कुटुंब असेल तर हा आकडा बोचतो.

पण माझा निर्णय फीमुळे झाला नाही, नदीकाठच्या ताटकळण्यामुळे झाला. ओलांडायची ठरावीक वेळ नसते. सकाळी वायरलेसवर खबर येते की कळप काठाला लागलाय, सगळ्या गाड्या तिकडे वळतात आणि थांबतात. एक झेब्रा उतरतो, पाण्याला तोंड लावतो, मान वर करतो. मागून हजारभर विल्डबीस्ट धुरळा उडवत काठापर्यंत येतात. आता पडणार, आता पडणार, म्हणून तुम्ही श्वास रोखता. कुठेतरी काहीतरी हलतं आणि सगळा कळप शंभर पावलं मागे. मग अर्धा तास काही नाही. मग पुन्हा तेच. जेवणाचे डबे गाडीतच उघडतात. मधल्या वेळात ड्रायव्हरला म्हणावं, जरा चित्ता बघून येऊ, तर तोच मान हलवतो. आपण हललो आणि कळप पडला तर? अशाने अख्खा दिवस एका वळणावर जातो. एवढ्या मोठ्या माळरानावर येऊन आपण दिवसभर पाहिलेलं असतं ते तपकिरी पाणी आणि शेजारच्या गाडीतली माणसं.

आणि शेवटी पहिला विल्डबीस्ट उडी घेतो तेव्हा मागे थांबलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. काठाला जागा थोडी, गाड्या अनेक. समोर लँड क्रूझर आडवी येते आणि आपल्याला दिसतात ती तिची मागची बाजू आणि टपातून वर निघालेले कॅमेरे. माझ्या डोळ्यांदेखत गाड्यांनी वाट अडवल्यामुळे कळप काठावरून मागे फिरला. मुक्या जनावराची वाट आपण अडवतोय हे पाहून जीव कळवळला, आणि ती बोच पुढे कितीही सिंह दिसले तरी गेली नाही. वाघाभोवती जिप्सी गाड्यांचा वेढा पडतो त्याला कंटाळून तुम्ही आफ्रिकेला निघाला असाल, तर हे आधी माहीत असलेलं बरं. सगळ्यांच्या वाट्याला असाच दिवस येतो असं नाही. दहाव्या मिनिटाला नदी ओलांडलेली पाहिलेले लोकही मला भेटलेत. शिवाय हीच नदी सेरेंगेटीच्या उत्तरेला, कोगातेंडेच्या बाजूनेही पाहता येते आणि तिथे गर्दी थोडी कमी, असं माझ्या ओळखीतले सांगतात.

फेब्रुवारीत न्डुटूला वाट बघावी लागत नाही, हे मला सगळ्यात भावलं. मैदान क्षितिजापर्यंत भरलेलं असतं. बहुतांश पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात, त्यामुळे कुठेही गाडी उभी करा, समोर काही ना काही चालूच असतं. एक मादी कळपापासून जराशी बाजूला झाली, आडवी पडली, आधी पुढचे खूर दिसले. पिल्लू जमिनीवर आलं, ओलंचिंब, पाय सगळे चार दिशांना. उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि काही मिनिटांत आईच्या पोटाला पोट लावून पळायला लागलं. वार पडली तिथे दोन कोल्हे आधीच हजर. पलीकडे तरस नुसतं उभं राहून बघत होतं. हे सगळं गाडीचं इंजिन बंद ठेवून शांतपणे बघता आलं. न्डुटू गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतं आणि तिथे काही भाग सोडले तर रस्ता सोडून मैदानात गाडी घालायची मुभा असते, त्यामुळे एकाच जागेसाठी रेटारेटी होत नाही. चित्त्याभोवती इथेही गाड्या जमतात, पण तुम्ही उठून दुसरीकडे जाऊ शकता. पक्षी बघणाऱ्यांना तर हाच हंगाम, कारण युरोपातून आलेले पांढरे करकोचे आणि भोवत्या याच मैदानांवर असतात.

तोटे आहेतच. पिल्लं तरसाच्या, चित्त्याच्या तोंडी जाताना दिसतात. आईपासून चुकलेलं पिल्लू गाडीच्या मागे धावत येतं तेव्हा लहान मुलंच काय, मोठी माणसंही गप्प होतात. पाऊस मागेपुढे झाला तर कळप भलतीकडे सरकतो. दुपारी सर आली की काळ्या मातीत चाकं रुततात, आणि माश्या फार. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर फेब्रुवारीचा विषयच नको, तिथे ऑगस्टच बरा. मे महिन्याच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर तो मोठ्या पावसाचा काळ, कित्येक कॅम्प बंद असतात. दिवाळीत छोटा पाऊस सुरू व्हायच्या बेतात आणि कळप वाटेत कुठेतरी, म्हणून त्यावर मी तरी पैसे लावणार नाही.

फेब्रुवारी ठरवलात तर पहिल्या तीन आठवड्यांतले दिवस धरा आणि बुकिंग करताना एकच गोष्ट नीट विचारून घ्या, की मुक्काम खुद्द न्डुटूला आहे की सेरोनेराला. कार्यक्रमपत्रिकेत दोन्हीकडे ‘सेरेंगेटी’ एवढंच लिहिलेलं असतं. सेरोनेरा मध्यभागी, तिथून न्डुटूला पोहोचायला दोन-तीन तास मोडतात, आणि रस्ता सोडायची मुभा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मिळत नाही. किमान तीन रात्री न्डुटूच्याच कॅम्पात मिळत असतील तरच पैसे भरा.