धुळ्यातलं टेप दुरुस्तीचं दुकान अन् लतादीदींचं ते गाणं

पाचकंदीलच्या मागच्या गल्लीत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं एक छोटंसं दुकान आहे, बोर्ड पण धड दिसत नाही, पण ज्यांच्या घरी जुना टू-इन-वन पडून असेल त्यांनी इथेच जावं, मनापासून सांगतोय.

आमचा टेप अण्णांचा. अण्णा गेले तेव्हापासून सात वर्षं कपाटावर. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला निघायच्या आधी ते न चुकता 'ऐ मेरे वतन के लोगों' लावायचे, आणि दरवर्षी तेच सांगायचे की चीनचं युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले होते, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर दीदी हे गायल्या आणि समोर बसलेल्या नेहरूंचे डोळे भरून आले. आम्हाला पाठ झालं होतं, तरी ते सांगताना अण्णांचाच आवाज बदलायचा.

दुकानदार काकांनी टेप उघडला, बेल्ट सैल पडून चिकट झालेला, हेडवर काळा थर. बेल्ट बदलला, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, मग म्हणाले कॅसेट आणलीय का, आणि तीच बघून खूश झाले. कारण या गाण्याच्या सुरुवातीला ठेका नाही, नुसता आवाज, लांब धरलेला सूर, मोटर जराशी जरी अडखळली तरी तिथे लगेच कळतं. स्क्रू ड्रायव्हरने स्पीड जुळवत कान लावून बसले, दोनदा मागे घेतलं, मग म्हणे, "आते ऐका भाऊ, आवाज हालस का?" नाही हालला. प्रदीपजींचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल, सगळं खरंच, पण मला वाटतं या गाण्याची ताकद तिथेच आहे, दीदी रडून दाखवत नाहीत, सूर स्थिर धरून ठेवतात आणि रडू ऐकणाऱ्याला येतं. गल्लीत गाड्यांचे हॉर्न चालू होते तरी मला काही सुचेना.

घरी आईला लावून दिलं. आई शिरपूरकडची, तिच्यासाठी दीदी म्हणजे आधी थाळनेरच्या लेकीची लेक, माई मंगेशकरांचं माहेर तापीकाठचं थाळनेर ना. डोळ्याला पदर लावत म्हणाली, "आपली थाळनेरनी भाची शे ती." ६ फेब्रुवारी २०२२ ला दीदी गेल्या त्या दिवशी पण हेच म्हणाली होती.

खर्च साडेतीनशे, बेल्टसकट, आणि जुना बेल्ट हातात दिला. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, तेवढं धरून चला. गाडी आत जात नाही, मेन रोडलाच लावा. आणि कॅसेट घरून घेऊन जा, तुमच्या रोजच्या ऐकण्यातली, म्हणजे स्पीड बरोबर आहे का ते तुमच्या कानालाच कळेल.