८६,४०० गेले आणि हातात राहिली एक हिरवी खूण

बनावट निघालेल्या अँटिव्हायरसचे कॉम्प्युटरमागे वर्षाला २,४००, कॉम्प्युटर १८, दोन वर्षांचे आगाऊ. एकूण ८६,४००. कंपनीच्या नाही, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात पाठवले. खात्यावरचं नाव वाचूनच थांबायला हवं होतं.

आधीच्या अँटिव्हायरसची मुदत संपायला आठ दिवस होते आणि अँटिव्हायरस विकणाऱ्या एका माणसाचा फोन आला. तारीख त्याला पाठ होती, म्हणून विश्वास बसला. मी बिल तपासल्याशिवाय पैसे सोडणारा माणूस नाही. पण त्याने रिमोटवर, म्हणजे लांबूनच माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेऊन, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून लाल खुणांची रांगच दाखवली, 'हे सगळे व्हायरस' म्हणाला. धडधाकट विंडोजमध्येही तिथे एरर दिसतातच, हे हिशेब सांभाळणाऱ्याला कुठून कळणार?

पण पुढचं मला कळायलाच हवं होतं. 'आधी डिफेंडर बंद करा, दोन्ही भांडतात,' म्हणाला. डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. खरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, हाताने बंद करावा लागत नाही. मी अठराही मशीनवर बंद केला. आणि पहिला स्कॅन! साडेतीन लाख फायली ४० सेकंदांत, आणि शेवटी हिरवी खूण. इतक्या फायली इतक्या झटपट खरोखर तपासून होतात का? आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी खूश झालो. तो आकडा आठवला की अजून झोप उडते.

पाच महिन्यांनी बिलासारखी दिसणारी एक अटॅचमेंट उघडली आणि खतावण्या लॉक झाल्या. तपासायला आलेल्या मुलाने आयकार (EICAR) फाइल टाकली, अँटिव्हायरस चालतो का हे पाहण्यासाठीच बनवलेली. ६८ अक्षरांची, निरुपद्रवी. खरा अँटिव्हायरस तिला लगेच पकडतो. आमच्या एकाही मशीनवर हूं की चूं नाही. ही चाचणी फुकट आहे, पैसे देण्याआधी करा. एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थांच्या निकालांत नाव शोधा, आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या अँटिव्हायरसच्या नावात एकच अक्षर जास्त होतं.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणतात, सॉफ्टवेअर मिळालं ना, मग हा व्यवहारातला वाद. तीन चकरा झाल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा अर्जाचा नमुना चुकला, तिसऱ्यांदा विचारलं, 'मग रिमोट दिलाच कशाला?' फसवणाऱ्याला एक प्रश्न नाही, सगळे प्रश्न मला! कॉल, पावती, स्क्रीनशॉट सगळं दिलंय, पोच मात्र अजून नाही.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. आमची जोडलेलीच होती, तीही गेली.