बोटीवरचं पोर्टेबल टॉयलेट: अख्खा सीझन वापरल्यावर

पावसाळ्यासाठी बोट वर काढलीये, म्हणून आता निवांत लिहितोय. आमची छोटी सेलबोट गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून ठेवायच्या जागी असते, सुट्टीच्या दिवशी मांडवा, फार तर खांदेरीपर्यंत जाऊन येतो. आधी हातपंपाचा कमोड होता, त्याचा दोन वाटांचा वाय-व्हॉल्व्ह एकीकडे फिरवला की मैला बोटीवरच्या साठवण टाकीत, म्हणजे होल्डिंग टँकमध्ये, दुसरीकडे फिरवला की थेट समुद्रात. तो सगळा संसार काढला आणि पोर्टेबल टॉयलेट बसवलं: वर फ्लशच्या पाण्याची टाकी, खाली मैल्याची २१ लिटरची, मध्ये सरकती झडप. माझं मत सरळ सांगतो, मुंबई बंदरात छोटी बोट असेल तर हेच घ्या.

कारण नियमाचं गणित बघा. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट ४ प्रमाणे मैला बारीक करून जंतुनाशक प्रक्रिया केलेला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे सोडायचा, प्रक्रिया न केलेला असेल तर १२ च्या पुढे, म्हणजे २२ किलोमीटर, तेही टाकीतून एकदम न ओतता हळूहळू आणि जहाज किमान ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) वेगाने चालू असताना. आता हा नियम आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या ४०० ग्रॉस टन आणि वरच्या किंवा १५ हून जास्त माणसं न्यायची परवानगी असलेल्या जहाजांना, आमच्या टीचभर बोटीला तो लागू नाही हे मलाही माहितीये. पण माप म्हणून तोच धरला तर गेटवे ते मांडवा जाताना किनाऱ्यापासून १२ मैल अंतर येणार कुठून? होल्डिंग टँक भरला की पंप-आउट, म्हणजे तो किनाऱ्यावर उपसून घ्यायची सोय हवी, आमच्या मुरिंगपाशी ती नाही. मग लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, अंधार पडला की व्हॉल्व्ह फिरतो.

एक मित्र म्हणाला, "अरे वरळी-वांद्र्याहून अख्ख्या शहराचं पाइपने समुद्रातच जातंय, तुझ्या २१ लिटरने काय होणारे?" बाबा रे, ते पाइप तीन-साडेतीन किलोमीटर आत उघड्या समुद्रात जातात, आणि आपण सोडतो ते मुरिंगमध्ये, जिथे बारकी पोरं सेलिंग शिकताना दिवसातून चारदा पाण्यात पडतात.

बरं, आता वापराचं. टाकी किती दिवस पुरेल याचा कंपनीचा आकडा कागद वापरणाऱ्यांसाठी असतो, आपण पाणी वापरणार, त्यामुळे ती कितीतरी लवकर भरते. मग्गा ठेवला तर संपलंच. आम्ही बारीक तोंडाची स्प्रे बाटली ठेवलीये, पाहुण्यांना आधी समजावून सांगावं लागतं आणि सासूबाईंना समजावताना माझी पंचाईत झाली, पण चालतंय.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिनमध्ये टाकीत गॅस धरतो. झडप सरकवायच्या आधी हवा सोडायचं बटण दाबायचं म्हणजे दाबायचंच, टायरची हवा सुटल्यासारखा आवाज येतो, तो थांबला की मग झडप. नाहीतर जे उडतं त्याचं वर्णन नको. झडपेच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, रबर खराब होऊ शकतं.

वास? जुन्या कमोडपेक्षा खूपच कमी. त्यात फ्लशला खारं पाणी यायचं, आठवडाभर होजमध्ये पडून त्यातले जीव मरायचे, आणि शनिवारी हॅच, म्हणजे केबिनचं झाकण, उघडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा. शिवाय होजच्या आत क्षार धरायचे ते वेगळंच. आता वरच्या टाकीत गोडं पाणी. खालच्या टाकीत घालायचं केमिकल फॉर्मल्डिहाइडवालं निळं घेऊ नका, सेप्टिक टँकमधले बॅक्टेरिया मारतं. बिनफॉर्मल्डिहाइडचं हिरवं घ्या, उकाड्यात डोस जरा लवकर द्यावा लागतो एवढंच.

खरी कटकट टाकी किनाऱ्यावर नेण्याची. भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते, ती डिंघीत, म्हणजे छोट्या होडीत उतरवायची, मग लाँचमध्ये, आणि ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत झालेल्या असतात. लाँचवरचे काका पहिल्यांदा म्हणाले, "साहेब, एवढं जड काय, मासे का?" खरं सांगितल्यावर त्यांनी ती आपल्या जेवणाच्या डब्यापासून लांब ठेवायला लावली, रास्तच आहे. आता टाकी पाऊण भरली की नेतो आणि उतरायची वेळ भरतीची बघतो. किनाऱ्यावरच्या टॉयलेटमध्ये ओतताना बटण दाबून धरलं की गचके न बसता नीट पडतं.

हेलकाव्यात हलू नये म्हणून खाली पट्ट्या मारून घ्या, त्या बहुतेक वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. खालची टाकी सुटीसुद्धा मिळते, पुढच्या सीझनला एक जादा घेणार आहे, म्हणजे ओहोटी असली तरी घाई नको.