‘पास’ नेमके कोण झाले, हे मी पाहिलेच नाही

नेहमीच्या पुरवठादाराच्या पत्त्यावरून आलेल्या ईमेलवर विश्वास ठेवून मी एका मोठ्या बिलाची संपूर्ण रक्कम चोरट्याच्या खात्यात भरली. बँक खाते बदलल्याचे त्यात कळवलेले असल्यामुळे मला शंका आली होती आणि मी ईमेलचे हेडर, म्हणजे तो कोठून आणि कसा आला याची तांत्रिक माहिती, उघडलेही होते. परंतु तेथे ‘एसपीएफ पास’ एवढे वाचून मी निर्धास्त झालो. पुढे खऱ्या पुरवठादाराने थकबाकीसाठी फोन केला, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. बँकेत तक्रार केली, पण तोवर पैसे काढून घेतलेले होते.

माझी चूक कोठे झाली, ते नीट सांगणे मला आवश्यक वाटते. ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये ठरली, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती. एसपीएफ ही सोय नंतर आली. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने ईमेल पाठवावेत, याची यादी डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील ‘@’नंतरच्या नावाचा, मालक डीएनएस या इंटरनेटवरील सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करतो. मात्र ही तपासणी ‘रिटर्न-पाथ’मधील डोमेनची, म्हणजे जणू पाकिटावरच्या पत्त्याची असते, आपल्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधील नावाशी तिचा संबंध नसतो. चोरट्याने पाकिटावर स्वतःचे डोमेन घातले होते आणि ‘पास’ झाले होते ते तेच. ‘रिप्लाय-टू’मध्येही त्याचाच पत्ता असल्याने ‘पैसे पाठवत आहे’ हे माझे उत्तर पुरवठादारापर्यंत पोहोचलेच नाही.

त्याच ओळीत पुढे ‘डीमार्क फेल’ असे स्पष्ट लिहिले होते. दिसणारे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये (ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरीच्या तपासणीत) उत्तीर्ण झालेले डोमेन जुळते का, हे डीमार्क पाहते. मी तेवढे वाचले असते, तर पैसे वाचले असते. हा ईमेल इनबॉक्समध्ये आला, कारण पुरवठादाराने डीमार्कचे धोरण ‘नन’ ठेवले होते, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या ईमेलवर कोणतीही कारवाई करण्यास सांगितलेले नव्हते. अशी नोंद असणे म्हणजे संरक्षण असणे, असा समज फार जणांचा असतो आणि तो धोक्याचा आहे.

त्यानंतर आम्ही स्वतःच्या डोमेनची नोंद तपासली, तर आमचेही धोरण ‘नन’च निघाले. ते लगेच ‘रिजेक्ट’, म्हणजे नापास ईमेल नाकारायला सांगणारे, केले नाही, कारण डीमार्कच्या अहवालांवरून आमची बिले पाठवणाऱ्या सेवेचे ईमेल डीकेआयएमच्या स्वाक्षरीविना जात असल्याचे दिसले; ते दुरुस्त करून आधी ‘क्वारंटाइन’ (नापास ईमेल स्पॅममध्ये टाकायला सांगणारे) आणि मग ‘रिजेक्ट’ केले. एसपीएफच्या नोंदीत डीएनएसकडे १० पेक्षा अधिक विचारणा करावी लागली, तर तपासणीच त्रुटी दाखवते. नवी सेवा जोडताना हेही पाहावे लागते.

एखाद्या अक्षराचाच फरक असलेले डोमेन चोरट्याने विकत घेतले, तर मात्र तिन्ही तपासण्या ‘पास’ दिसतात. त्यामुळे खाते बदलल्याची सूचना आली की आता आम्ही ईमेलमधल्या नव्हे, आमच्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करतो आणि दुसऱ्या सहकाऱ्याची सही झाल्याशिवाय पैसे पाठवत नाही.