स्टोव्ह घरी ठेवून डोंगरात: एका मोसमाचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. सह्याद्रीत चार-पाच दिवसांच्या भटकंतीला स्टोव्ह नसला तरी मजेत चालतं, अडतं फक्त चहापाशी. दिवाळीपासून होळीपर्यंत मुक्कामी ट्रेक सगळे असेच केले. वजन वाचतं म्हणून लोक स्टोव्ह टाकतात. मला मात्र वजनापेक्षा पाण्याचा फायदा मोठा वाटला.

वजनाचं गणित तसं फसवं आहे. छोटा बर्नर, २३० ग्रॅम गॅसचा कॅन (भरलेला साधारण ३८० ग्रॅम), एक पातेलं आणि लायटर मिळून पाऊण किलोच्या आत-बाहेर. तेवढं घरी ठेवलं आणि त्या जागी चार दिवसांचे धपाटे नि दशम्या भरल्या, तर वाचलेलं वजन गेलंच. ओल्या पदार्थात आपण पाणीच वाहत असतो. त्यामुळे दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या, पुढे सगळं कोरडं: पोहे, सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाणे, गूळ, खजूर, सुकं खोबरं, तूप. पोह्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, शेंगदाण्यांत ५७०च्या आसपास, तुपात ९००. म्हणून तुपाच्या छोट्या बाटलीला माझ्या पिशवीत मानाची जागा आहे.

आता पाणी. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा, तर खिचडी शिजवणारा माणूस मुक्काम पाण्याजवळच टाकतो. शिजवायला पाणी, मग बुडाला लागलेलं पातेलं घासायला त्याहून जास्त. फेब्रुवारीनंतर टाकी तळाला जातात, झरे आटतात, तेव्हा हा खर्च खुपतो. भिजवलेल्या पोह्यांतलं पाणी सगळं पोटात जातं, घासायला एक बरणी उरते. पाणी दिसलं की भरायचं, बरणी भिजत टाकायची आणि पुढे तासभर चालून आवडेल त्या कोरड्या पठारावर जेवायला बसायचं. मुक्कामाची जागा पाण्यावर ठरत नाही, हे सुख मला आधी कळलं नव्हतं.

बरणी म्हणजे पीनट बटरची रिकामी, रुंद तोंडाची. जाड पोहे, मीठ, साखर, मेतकूट, खोबऱ्याचा कीस, वर पोहे जेमतेम बुडतील एवढं पाणी. झाकण लावून हलवायची नि सॅकच्या बाजूच्या जाळीत अडकवायची. अर्ध्या तासाने लिंबू पिळून, कांदा फोडून, पाकिटातले दाणे घालून खायची. पातळ पोहे नकोत, चालता चालता त्यांचा लगदा होतो. पोहे असे चालतात, कारण ते कांडण्याआधी भात भिजवून भाजलेला असतो. रवा, कच्ची डाळ यांच्या वाटेला जाऊ नये. नूडल्स कारखान्यातच वाफवून तळलेल्या असतात, त्यामुळे थंड पाण्यातही मऊ पडतात. पण जानेवारीच्या पहाटे त्यातलं तेल टाळूला चिकटून बसतं. एकदा खाऊन बघा, दुसऱ्यांदा मागणार नाही.

मूग ओल्या फडक्यात बांधून नेण्याचा प्रयोग मात्र भलताच आवडला. भिजवलेले मूग सॅकवर बांधले, दिवसातून दोनदा फडकं ओलं केलं की दुसऱ्या दिवसापर्यंत मोड येतात. कडाक्याच्या थंडीत रेंगाळतात. ऊन तापायला लागल्यावर वास येतो, तेव्हा मार्चमध्ये हा उद्योग बंद.

तक्रारी आहेतच. बरणीच्या झाकणाच्या आट्यांत अन्न अडकतं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. जुना टूथब्रश न्या. तेलातली लसणाची चटणी नेऊ नका, गळते, आणि स्लीपिंग बॅगला लागलेला लसूण जन्मभर जात नाही. कोरडी न्या. पूर्वी चहा-खिचडीच्या निमित्ताने पाणी आपोआप उकळलं जायचं, आता तसं नाही. भिजवायचं पाणीसुद्धा गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, अर्धा तास थांबूनच घ्यायचं. थांबायचा कंटाळा असेल त्याने स्टोव्हच न्यावा. आणि कोकणकड्याच्या वाऱ्यात रात्री आठ वाजता गार पोहे गिळणं ही शिक्षा आहे. मी मुख्य जेवण उजेड असतानाच, अंग गरम असताना उरकतो. झोपताना फक्त गूळ आणि तूप.

गॅस सोडायला एक साधं कारण पुरेसं होतं खरं तर: कसारा लोकल. रेल्वेत गॅसचा कॅन नेणं १९८९च्या रेल्वे कायद्यात गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही बरेच जण सॅकच्या तळाशी दडपून नेतात. त्यात हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. डिसेंबरनंतर गुडघाभर गवत वाळून कोळ झालेलं असतं. त्यात वाऱ्यावर भडकणारा बर्नर पेटवून बसताना माझा तरी जीव थाऱ्यावर नसायचा.

आणि आपल्याकडे 'स्टोव्हशिवाय' म्हणजे उपासतापास नव्हे, हेही सांगायला हवं. वाटेत वाड्या लागतात. पेठेच्या वाडीत वेळेवर पोचलात आणि आधी सांगून ठेवलंत, तर चुलीवरची भाकरी आणि पिठलं मिळतं, वर कोरा चहा. मावशी पैसे घ्यायला आढेवेढे घेतात, तरी द्यायचेच, आणि किराणा दुकानातल्या दराने नाही. हे पीठ-मीठ त्यांनी लांबून आणलेलं असतं.

हिमालयात बर्फाच्या वर जायचं असेल तर यातलं काही लागू नाही. तिथे स्टोव्ह आधी बर्फ वितळवून पाणी करायला लागतो, जेवण नंतर. सह्याद्रीत पावसाळ्यातही मी नेईन, अंग भिजून कुडकुडणाऱ्या माणसाला थंड सातू देणं बरं नव्हे. बाकी नोव्हेंबर ते मार्च माझा बर्नर माळ्यावर.