१९४४ चा फ्रान्स: पेट्रोलसाठी पाइपलाइन की ट्रक?

नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त सैन्यासाठी इंग्लंडहून समुद्रतळावरून टाकलेली ‘प्लूटो’ ही इंधनाची पाइपलाइन ही कल्पना थोरच: टँकर जहाजांवरचा भार हलका, हल्ल्याची भीती कमी. पण शेरबूर या फ्रेंच बंदराकडे जाणारी लाइन सप्टेंबरमध्ये कशीबशी सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद पडली, आणि सैन्य तर कुठच्या कुठे पुढे गेलेलं.

‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही आघाडीला रसद पोचवणारी ट्रकची सेवा २५ ऑगस्टला सुरू झाली. जवळपास ६,००० ट्रक, राखीव एकेरी रस्ते, रात्रंदिवस फेऱ्या. ऐन भरात दिवसाला सुमारे १२,५०० टन माल. चालकांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते, आणि त्यांचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं, हे सांगायलाच हवं. ट्रक स्वतःच भरमसाट पेट्रोल पीत, टायर झिजत. तरी त्या महिन्यांपुरता माझा कौल ट्रकलाच. प्लूटोचा खरा उपयोग झाला तो १९४५ मध्ये, बुलोन या दुसऱ्या फ्रेंच बंदराकडे जाणाऱ्या लाइनमधून.